अंधारातलं पाणी

गेल्या मेमध्ये गडबच्या आमच्या घरी सकाळी गेलेली लाइट रात्रीच आली. चिलर बंद. साठ लिटरच्या टाकीतलं खारं पाणी २६ अंशांवरून ३१ वर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात पंपही थांबलेला. क्लाउनफिश मेला.

नंतर वाचताना कळलं, हे दुखणं जुनं आहे. १८५० च्या दशकात इंग्लंडात घरोघरी समुद्री टाक्या आल्या आणि उन्हाळ्यात त्या तापून मासे मरू लागले. विल्यम अल्फर्ड लॉइडने १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मत्स्यालयात यावर उपाय केला. लोकांना दिसणाऱ्या पाण्याच्या कित्येक पट पाणी त्याने टाक्यांखाली अंधारात साठवलं आणि पंपाने फिरवत ठेवलं. जास्त पाणी सावकाश तापतं, इतकंच.

मीही आता टाकीखालच्या कपाटात दुसरी मोठी टाकी जोडली आहे. बॅटरीवर पंप आणि पंखा चालतो. पंख्याने एक लिटर पाणी उडालं, की शंभर लिटर पाणी साधारण सहा अंशांनी थंड होण्याएवढी उष्णता निघून जाते. दमट हवेत मात्र पाणी कमी उडतं.

उडतं ते गोडं पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून टाकीत भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. पेणच्या मिठागरांवर राबलेल्यांना हे सांगायला लॉइड लागला नसता.