मंत्रचळ : शंकेचा आजार आणि त्यावरील उपचार

घराला कुलूप लावून निघालेला माणूस जिन्यावरून परत येतो आणि कुलूप एकदा ओढून पाहतो, तेव्हा त्याला कोणी आजारी म्हणत नाही. तोच माणूस स्थानकापर्यंत जाऊन माघारी येतो, कुलूप सात वेळा ओढतो, सातची मोजणी चुकली असे वाटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो आणि रोजची लोकल रोज चुकवतो, तेव्हा मात्र प्रश्न सावधपणाचा राहिलेला नसतो. मराठीत अशा अवस्थेसाठी ‘मंत्रचळ’ हा जुना, अर्थपूर्ण शब्द आहे. मंत्राच्या पुनरुच्चाराशी नाते सांगणारा हा शब्द आज मनोविकारतज्ज्ञही वापरतात. वैद्यकशास्त्रात या विकाराचे नाव ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’, म्हणजेच ओसीडी.

या विकाराची दोन अंगे आहेत. पहिले अंग अनाहूत विचारांचे. नको असताना मनात घुसणारे आणि हुसकावले तरी परत येणारे विचार, चित्रे किंवा ऊर्मी रुग्णाला अस्वस्थ करतात. दुसरे अंग सक्तीच्या कृतींचे. ती अस्वस्थता शमवण्यासाठी रुग्ण हात धुतो, गॅसची बटणे तपासतो, वस्तू एका रेषेत लावतो, आकडे मोजतो किंवा मनातल्या मनात नामजप करतो. या साऱ्यात दिवसाचा तासाहून अधिक वेळ जाऊ लागला किंवा नोकरी, शिक्षण, संसार यांत अडथळा येऊ लागला की त्याला विकार मानले जाते. आपले वागणे अवाजवी आहे, हे बहुतेक रुग्णांना पुरते ठाऊक असते. समजते, पण थांबता येत नाही, हेच या आजाराचे खरे दुखणे.

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये ओसीडीचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के, म्हणजे दर हजारी आठ आढळले. (या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.) विकाराची सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत किंवा विशीच्या आसपास होते. उपचार मात्र त्यानंतर अनेक वर्षांनी सुरू होतात. या विलंबाचे एक कारण आपल्या घरांतच आहे. सोवळ्याओवळ्याचा संस्कार असलेल्या घरात सून दोन-दोन तास न्हाणीघरात असेल, तर ती ‘फार सोवळ्याची’ ठरते. बाजारातून आलेली प्रत्येक नोट पुसून ठेवणाऱ्या काकांना ‘चळ लागलाय’ असे हसून म्हटले जाते. २०२० च्या करोना साथीत तर सारे जगच हात धुत होते. तेव्हा रुग्णाचे धुणे आणि नियमाचे धुणे यांतील सीमारेषा आणखी पुसट झाली.

विलंबाचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ओसीडी म्हणजे स्वच्छतेचा अतिरेक, हा समज अर्धाच खरा आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीच्या मनात ‘आपल्या हातून बाळाला इजा होईल’ असा विचार येतो आणि ती स्वयंपाकघरातील सुरी लपवून ठेवते. भाविक माणसाला देवासमोर हात जोडताच अश्लील शब्द आठवतात. एखाद्या तरुणाला आपल्याच नात्यातील व्यक्तीविषयी घृणास्पद कल्पना छळतात. ही माणसे कोणाला काही सांगत नाहीत. सांगितले तर आपल्याला गुन्हेगार किंवा वेडे ठरवतील, अशी त्यांना धास्ती असते. वास्तविक असे विचार त्यांच्या स्वभावाच्या आणि मूल्यांच्या विरुद्ध असतात, म्हणूनच त्यांचा इतका त्रास होतो.

असे विचार केवळ रुग्णांनाच येतात, असेही नाही. स्टॅन्ली रॅकमन आणि श्रीलंकेत जन्मलेले पद्मल डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निरोगी व्यक्तींपैकी बहुसंख्यांना याच धर्तीचे विचार येत असल्याचे दाखवून दिले. फलाटाच्या कडेला उभे असताना ‘आता उडी मारली तर?’ हा विचार कितीतरी जणांच्या मनाला चाटून जातो आणि गाडी आली की विसरला जातो. ओसीडी असलेली व्यक्ती मात्र त्या विचाराला अर्थ चिकटवते. १९८५ मध्ये पॉल साल्कोव्हस्किस यांनी या अर्थाचे मर्म ‘फुगवलेली जबाबदारी’ असे मांडले. अनर्थ टाळणे माझ्या हाती होते आणि मी काही केले नाही, तर दोष माझाच, अशी ही भावना.

मग तो विचार दाबण्याची धडपड सुरू होते. औषध घेताना माकड आठवू नका, असे वैद्याने बजावताच रोग्याला माकडाखेरीज काही आठवेना, ही गोष्ट आपल्याकडे आजीआजोबा सांगत आले आहेत. अमेरिकेतील डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये पांढऱ्या अस्वलाविषयीच्या प्रयोगातून तेच सिद्ध केले. ‘मन दुसरीकडे वळव’, ‘असे विचार आणूच नकोस’ हे घरच्यांचे सल्ले सद्‌हेतूचे असले, तरी ते निष्फळ का ठरतात, याचे उत्तर येथे आहे.

विकार टिकवून धरते ती मात्र कृती. शंका आली, भीती चढली, हात धुतले, भीती उतरली. ही सुटका क्षणिक असते, पण मेंदू त्यातून ‘धुतले म्हणून वाचलो’ असा चुकीचा धडा शिकतो. पुढच्या वेळी भीती तितकीच चढते आणि धुणे थोडे वाढते.

या साखळीवर नेमका घाव घालणारी उपचारपद्धती लंडनमधील व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांच्या वृत्तान्तातून मांडली. आज ती ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ किंवा ईआरपी म्हणून ओळखली जाते. भीतीला सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही, एवढेच तिचे सूत्र. सूत्र सोपे, आचरण कठीण. रुग्ण आणि समुपदेशक मिळून भीतीची एक शिडी तयार करतात आणि प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर असे गुण देतात. जंतूंची धास्ती असलेल्या व्यक्तीच्या शिडीत घरातल्या दाराच्या कडीला हात लावणे तीस गुणांचे असेल, बसमधील दांडी धरणे पन्नासचे, सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या नळाला स्पर्श करून तसेच घरी येणे नव्वदचे. सुरुवात खालच्या पायरीपासून होते. कडीला हात लावल्यावर हात न धुता बसून राहायचे आणि अस्वस्थता कशी चढते, रेंगाळते आणि बहुधा आपोआप ओसरू लागते, ते अनुभवायचे. ती ओसरली नाही, तरी ती सहन करता येते आणि भाकीत केलेला अनर्थ घडत नाही, हा नवा धडा महत्त्वाचा. ज्यांची कृती मनातल्या मनात चालते, त्यांना आपली भीती सविस्तर लिहून काढून ती पुन्हा पुन्हा वाचायला सांगितले जाते. साधारण बारा ते वीस सत्रे लागतात आणि खरे काम सत्रांच्या मधल्या दिवसांत, घरी होते.

या पद्धतीचा कस अनेक चाचण्यांत लागला आहे. एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी १२२ प्रौढ रुग्णांवर केलेली, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी त्यांत गाजली. बारा आठवड्यांनंतर ईआरपी घेतलेल्यांपैकी ६२ टक्के, क्लोमिप्रामिन हे औषध घेतलेल्यांपैकी ४२ टक्के, दोन्ही घेतलेल्यांपैकी ७० टक्के रुग्णांना लक्षणीय फायदा झाला. औषधाचा आभास असलेली निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. हे आकडे आशादायक आहेत, पण तीन-चार जणांमागे एकाला दोन्ही उपचारांचा पुरेसा गुण येत नाही, हेही त्यांतच लिहिले आहे.

औषधांत आज फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्होक्सामिन यांसारख्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांना प्रथम पसंती असते. नैराश्याच्या तुलनेत ओसीडीत त्यांची मात्रा बहुधा जास्त लागते आणि परिणाम पूर्णपणे दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. दोन आठवड्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळ्या बंद करणारे रुग्ण कमी नाहीत. बरे वाटल्यावरही एक-दोन वर्षे औषध चालू ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने ते हळूहळू कमी करायचे असते.

चिंतेच्या इतर विकारांतही भीतीला सामोरे जाण्याचे तत्त्व उपयोगी पडते. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात ओसीडीला चिंताविकारांतून वेगळे काढले, तरी दोन्ही विकार एकाच व्यक्तीत आढळणे नेहमीचे आहे. महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती प्रा. कि. मो. फडके यांच्यामुळे सुशिक्षितांना चांगली परिचयाची झाली. अवास्तव अपेक्षा ओळखण्यास तिचा लाभ होतो. ओसीडीत मात्र केवळ युक्तिवाद पुरत नाही. ‘हात स्वच्छ आहेत’ हे पटवून देण्याचा संवादच रुग्णासाठी नवे कर्मकांड होऊन बसतो. म्हणून समुपदेशक निवडताना ‘ईआरपीचे प्रशिक्षण घेतले आहे का?’ हा प्रश्न निःसंकोच विचारावा.

कुटुंबाची भूमिका येथे नाजूक असते. ‘गॅस बंद आहे ना?’ या प्रश्नाला दिवसातून चाळीस वेळा ‘हो’ म्हणणारी पत्नी, मुलाच्या हट्टापायी बाहेरचे कपडे दारातच बदलणारे वडील, हे सारे प्रेमापोटी चालते आणि आजाराला खतपाणी घालते. मात्र एका दिवसात सारे सहकार्य तोडणे हाही उपाय नव्हे. ते उपचारकाच्या सल्ल्याने, रुग्णाला आधी सांगून, टप्प्याटप्प्याने कमी करायचे असते. ‘हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते’ हे वाक्य अनेक घरांत कामाला येते.

खर्चाचा प्रश्न उरतोच. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे, अशी तरतूद त्यात आली. पण आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेल्या असतात आणि ओसीडीचा रुग्ण क्वचितच दाखल होतो. त्यामुळे आठवड्याच्या सत्रांचे पैसे बहुधा खिशातूनच जातात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांत तपासणी अल्प दरात होते. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते आणि जवळच्या उपचार केंद्राची माहिती मिळते.