कारगिलच्या शिखरांवर कोणतं विमान?

कारगिलवर बोललो की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. आपल्याकडे एमआय-२५ आणि एमआय-३५ ही रशियन बनावटीची चिलखती लढाऊ हेलिकॉप्टर्स होती, ती जमिनीवरच्या सैन्याच्या मदतीसाठीच घेतलेली. मग १९९९ साली आपले जवान तोलोलिंगचा उघडा कडा चढत होते, तेव्हा ती कुठे होती? प्रश्नामागचा राग मी समजू शकतो. म्हणूनच आज याचं उत्तर नीट देतो.

त्यासाठी आधी लोंगेवाला आठवा. डिसेंबर १९७१. राजस्थानच्या वाळवंटात मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची एक कंपनी, आणि समोर पाकिस्तानी रणगाडे. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, त्यामुळे त्या जवानांनी उजाडेपर्यंत ठाणं राखलं. ५ डिसेंबरच्या सकाळी हंटर आली आणि ३० मिलिमीटरच्या तोफांनी व रॉकेट्सनी त्यांनी रणगाडे फोडले. हंटर हे मुळात शत्रूची विमानं पाडण्यासाठी बनवलेलं, १९५०च्या दशकातलं विमान. पण तिथे जमीन सपाट होती, वाळूत लपायला जागा नव्हती आणि आकाशात पाकिस्तानी विमान नव्हतं. त्या जागी ते अगदी योग्य ठरलं.

आता कारगिलला या. इथे शत्रू १४ ते १८ हजार फुटांवर बसलेला. हवा इतकी विरळ की हेलिकॉप्टरच्या पात्यांना पुरेसा उचल मिळत नाही. चिलखत आणि शस्त्रांनी जड झालेलं एमआय-३५ त्या उंचीवर लढूच शकत नव्हतं. लष्कराने मे महिन्यात सशस्त्र हेलिकॉप्टर्स मागितली, तेव्हा वायुदलाची मुख्य अडचण हीच होती. वायुदलप्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस, आपले मराठी गृहस्थ. लढाऊ विमानं वापरायची तर सरकारची परवानगी हवी, असा त्यांचा आग्रह होता. २५ मे रोजी ती मिळाली, मात्र नियंत्रण रेषा ओलांडायची नाही या अटीवर. २६ मेला ‘ऑपरेशन सफेद सागर’ सुरू झालं.

पहिल्या तीन दिवसांत जबर किंमत मोजावी लागली. २७ मे रोजी रॉकेट डागताना फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७चं इंजिन बंद पडलं आणि ते शत्रूच्या हाती सापडले. त्यांचा शोध घेणाऱ्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडलं आणि आहुजा परत आले नाहीत. २८ मेला तोलोलिंगजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, आतले चौघेही गेले. एमआय-१७ हे मूळ वाहतुकीचं हेलिकॉप्टर. ते उंचीवर जाऊ शकतं म्हणून त्याला रॉकेट्स बसवली होती. पण पडलेल्या त्या हेलिकॉप्टरवर क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर टाकायची सोय नव्हती. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टर्स हल्ल्यांतून काढून घेण्यात आली.

खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राचा पल्ला काही किलोमीटरचा असतो. पण ते घेऊन उभा असलेला माणूसच १६ हजार फुटांवर असेल, तर विमानाला त्याच्याही खूप वर राहावं लागतं. तिथून खडकांत दडलेला लहानसा बंकर कसा टिपायचा? शिवाय विरळ हवेत बॉम्ब नेहमीच्या गणिताने पडत नाही.

उत्तर मिळालं मिराज २००० मध्ये. हे फ्रेंच विमान १९८५ साली आपल्याकडे आलं, पाकिस्तानच्या एफ-१६ला तोड म्हणून. पायदळाला मदत करणं हे त्याचं मुख्य काम कधीच नव्हतं. पण त्याचा संगणक उंचावरून अचूक नेम साधत होता. १७ जूनला मिराजनी मुंथो ढालो इथला शत्रूचा रसदतळ साध्या बॉम्बनी उद्ध्वस्त केला. दरम्यान इस्रायली लायटनिंग पॉड आणि लेझरने दिशा मिळणारे बॉम्ब घाईघाईने विमानावर बसवले गेले. २४ जूनला टायगर हिलवरच्या ठाण्यावर ते पडले, तेव्हा टिपणीस स्वतः दुसऱ्या मिराजमध्ये मागच्या आसनावर होते.

शिखरं मात्र पायदळानेच जिंकली, हे विसरू नका. ४ जुलैला टायगर हिलचा माथा घेतला तो दोर लावून चढलेल्या जवानांनी. या युद्धात आपले ५२७ जण गेले.

म्हणून मी म्हणतो, योग्य विमान कोणतं हे त्याच्या नावावरून ठरत नाही. उंची किती, लक्ष्य केवढं, शत्रूच्या हातात काय आहे आणि आपले जवान लक्ष्यापासून किती जवळ आहेत, या चार प्रश्नांवरून ते ठरतं. हे प्रश्न शांततेच्या काळात विचारले नाहीत, तर त्यांची उत्तरं वैमानिकांच्या जिवावर शोधावी लागतात. उंचावर लढणारं आपलं ‘प्रचंड’ हेलिकॉप्टर वायुदलात आलं ३ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे कारगिलनंतर २३ वर्षांनी.

ती हेलिकॉप्टर्स कुठे होती, असं आता कुणी विचारलं तर सांगा: होती, पण त्या डोंगरासाठी घेतलेली नव्हती. भेटू पुढच्या भागात. जय हिंद!