धोट्यापासून सुरुवात

मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी बरी मिळे, पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे मज्जाव होता. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली धाग्याची कांडी संपली की नव्या कांडीच्या धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावे लागे. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या ओठांना लागणार, म्हणून सवर्ण कामगार विटाळ मानत. 1928च्या संपाच्या वेळी ही बंदी उठवण्याची मागणी मागण्यांच्या यादीत घ्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना भाग पाडले. बंदी आम्ही घातलेली नाही, असे मालकांचे म्हणणे पडले.

कामाच्या ठिकाणच्या विविधतेचे व्यवस्थापन या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाचे स्वागत मुद्दाम या धोट्यापासून करावेसे वाटले. हा विषय परदेशी कंपन्यांनी आणला, असा समज आपल्याकडे आहे. प्रश्न मात्र इथलाच आणि जुना आहे. भेदभाव मनात असतो तसाच तो अवजारांत आणि कामाच्या रीतींतही मुरतो. रीत बदलता येते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओवायच्या धोट्यावर 1911 मध्येच बंदी घातली होती.

नुसती भरती पुरत नाही, याचे अलीकडचे उदाहरण कोची मेट्रोचे. 2017 मध्ये तिथे ट्रान्सजेंडर व्यक्तींना नोकऱ्या मिळाल्या, देशभर कौतुक झाले. पण शहरात भाड्याने घर कोणी देईना, आणि काहींना ती नोकरी सोडावी लागली. नेमणूकपत्र देणाऱ्याने राहण्याची सोयही आपल्या कामात धरायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते.

विविधतेचा लाभ कसा होतो, हे डेव्हिड थॉमस आणि रॉबिन इली या अभ्यासकांनी 1996 मध्ये एका वकिली संस्थेच्या उदाहरणातून दाखवले. सगळे वकील गोरे असलेल्या या संस्थेने एका हिस्पॅनिक वकील स्त्रीला घेतले, ते तिच्या समाजातले अशील मिळावेत म्हणून. तिने कामाची कक्षाच वाढवली. पुढे इंग्रजीच बोलण्याच्या सक्तीविरुद्धचे दावेही संस्थेने लढवले. तिचे म्हणणे ऐकले गेले, म्हणून ही गोष्ट सांगण्याजोगी झाली.

आपल्याकडे 2016चा दिव्यांग हक्क कायदा आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. त्याहून लहान कार्यशाळा, दुकाने, दवाखाने यांच्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे. तुम्ही अशा ठिकाणी काम करत असाल, तर तिथल्या पाळ्या, पाण्याची आणि जेवणाची जागा, स्वच्छतागृह यांच्या नोंदी करायला घ्या. या विषयाला त्यांची निकड आहे.