आप्पांची तोफ

आमचे चुलते आप्पा तोफखान्यात होते. नाशिक रोडला शिकले आणि 1971 च्या लढाईत साडेपाच इंची तोफेवर होते. गावात त्यांना 'बहिरा मेजर' म्हणत. मेजर ते कधीच नव्हते, साधे जवान. बहिरे मात्र खरे.

ही तोफ मूळची इंग्रजांची. 1942 साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ती लढाईत उतरली. 1945 मध्ये ब्रह्मदेशात मंडालेच्या किल्ल्याच्या तटाला तिनंच भगदाडं पाडली. फौजेच्या हिशेबात ती 'मीडियम', म्हणजे मधली. पण वजन सहा टनांच्या वर. त्या महायुद्धात इंग्रजांच्या एका मीडियम रेजिमेंटला अशा 16 तोफा असत. रेजिमेंटच्या 2 बॅटऱ्या, बॅटरीला 8 तोफा, त्याचे चार-चारचे 2 ट्रूप. ओढायला मॅटाडोर ट्रक. एका तोफेमागं 10 माणसं.

आप्पा सांगत, "खळ्यावर मळणी चालती ना, तसंच. हातचं काम हाताला लागलं पायजे." आधी गोळा आत सारून ठासायचा, त्याच्यामागं दारूची कापडी पिशवी, मग मागचं तोंड बंद. लांब मारायचं तर दारू जास्त. गोळा 100 पौंडांचा, म्हणजे 45 किलो. आता युरियाची गोणी येते, बरोबर तेवढा. तो साधारण पावणेपंधरा किलोमीटरपर्यंत जायचा. त्यामुळे जिथं मारायचं ते ठिकाण तोफेवरच्या कुणालाच दिसत नसे. पुढं मोर्चावर बसलेला अधिकारी वायरलेसवर सांगे, मागं त्याचे आकडे काढत आणि हे त्या आकड्यांवर तोफ लावत.

एकदा मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "आप्पा, तुमच्या गोळ्यानं किती मेले?"

बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग म्हणाले, "लेका, पेरल्यालं उगवलं का न्हाई ते शेतकऱ्याला दिसतं. आमाला कायबी दिसलं न्हाई. निस्ता आवाज."

तो आवाज त्यांचे कान घेऊन गेला. कानात कापसाचे बोळे घालायचे, पण घाईत तेही राहायचे.

यंदा खताच्या गोण्या उतरवताना हमाल आला नाही. मी आणि पोरगा लागलो. दहाव्या गोणीला माझी कंबर धरली. आप्पा असलं ओझं रात्र रात्र उचलत होते.

लहानपणी आम्ही पोरं त्यांच्या पाठीमागं उभं राहून हाका मारायचो आणि ते वळले नाहीत की हसायचो. त्यात मीही होतो. आप्पांना हे कधी सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.