भाषा, लिपि आणि प्रदेश

सह्याद्रीच्या माथ्यावर चंदगड नांवाचा एक तालुका आहे. पूर्वेस बेळगांवची वाट, पश्चिमेस घाट उतरला कीं कोंकण आणि त्यापलीकडे गोवें, अशी त्याची स्थिति. हा तालुका पूर्वीं मुंबई राज्याच्या बेळगांव जिल्ह्यांत मोडत असे. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हां कायद्यानें चंदगड तालुका तेवढा वगळून बाकीचा बेळगांव जिल्हा म्हैसूर राज्यास जोडला, आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्यांत आला. त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरास जिल्हा बदलला, कचेरी बदलली. परंतु रवळनाथाच्या देवळांत जमणाऱ्या माणसांची बोली कांहीं बदलली नाहीं. सीमेपलीकडे राहिलेल्या बेळगांवच्या मराठी घरांतही तसेंच घडलें. राज्य निराळें झालें, घरांत बोलावयाची भाषा तीच राहिली. प्रदेश आणि भाषा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा या भागांतील लोकांस पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. संगणकयंत्रास मात्र तो शिकण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. तो त्यास कसकसा शिकवावा लागला, याचा थोडा इतिहास आम्ही येथें सांगूं इच्छितों.

सॉफ्टवेअर म्हणून जें कांहीं आपण वापरतों, त्याबरोबर तें कसें वापरावें हें सांगणारीं साहाय्यपृष्ठें असतात. अनेक देशांसाठीं तीं अनेक भाषांत काढावीं लागतात. भाषांतर उत्तम साधलें म्हणजे काम संपलें, असा सामान्य समज आहे. पण खरी अडचण तेथूनच सुरू होते. मजकूर कोणत्या भाषेंत आहे, कोणत्या लिपींत आहे आणि कोणत्या देशासाठीं आहे, हें प्रकाशकानें यंत्रास स्पष्टपणें सांगावें लागतें. अक्षरांचें वळण, अंक, तारीख लिहिण्याची रीति, शब्दसूचीचा क्रम, शोध घेण्याची सोय, हें सर्व त्या उत्तरांवर अवलंबून असतें.

हे प्रश्न आजचे नव्हत. १८०५ सालीं विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांतून निघालें. त्यांत मराठी शब्द देवनागरी खिळ्यांनीं छापले होते. त्यांचाच मराठी कोश १८१० सालीं बाहेर पडला, तो मोडी खिळ्यांचा. ग्रंथकार एक, भाषा एक, आणि लिपी दोन. पुढें छापील ग्रंथांत बाळबोधीचा जय झाला. दप्तरांत, खतांत आणि घरगुती पत्रांत मोडी विसाव्या शतकापर्यंत हातानें लिहिली जात राहिली. चंदगडच्या शेजारच्या गोव्याकडे पाहिलें, तर तेथील कोंकणी भाषा देवनागरींतही लिहितात आणि रोमन लिपींतही लिहितात. तेव्हां भाषेचें नांव सांगितल्यानें लिपि सांगितली असें होत नाहीं, हें मुद्रकांस ठाऊकच होतें.

संगणकाच्या आरंभींच्या काळांत ही गोष्ट मागें पडली. १९९७ सालीं मायक्रोसॉफ्टनें एचटीएमएल हेल्प नांवाची पद्धति काढली. तींत साहाय्यपृष्ठें, अनुक्रमणिका आणि शब्दसूची हीं सारीं एकाच फाइलींत बांधलीं जात. बांधणीपूर्वीं भाषा कोणती तें सांगावें लागे, आणि विंडोजमध्यें प्रत्येक भाषेस एक क्रमांक असे. मराठीचा क्रमांक ११०२. परंतु अनुक्रमणिका व सूची यांपुरती ही पद्धति विंडोजच्या जुन्या अक्षरतक्त्यांवर विसंबून होती, आणि देवनागरीसाठीं तसा तक्ता विंडोजमध्यें कधींच नव्हता. पृष्ठांतील मजकूर एक वेळ नीट उमटे. पण अनुक्रमणिकेंत अक्षरांच्या जागीं प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. भाषेस क्रमांक मिळाला होता, पण तिच्या अक्षरांस बसावयास जागा नव्हती.

आपल्या लोकांनीं यावर जी तोड काढली ती चतुर होती, पण पुढें महाग पडली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसविलेले फाँट निघाले, आणि ग्रंथ, वर्तमानपत्रें, पत्रकें त्यांत छापलीं जाऊं लागलीं. वाचकाच्या डोळ्यांस मराठी दिसे. यंत्रास मात्र तो इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग वाटे. कागदावर छापून संपणाऱ्या कामास एवढ्यानें भागलें. परंतु ज्यांत शब्द शोधावयाचा आणि जें एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यावयाचें, तें साहित्य त्यांतून सिद्ध होईना. फाँट हरवला कीं मजकूरही वाचेनासा होई.

या घोटाळ्यावरचा उपाय १९९१ सालींच निघालेला होता. त्या वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली आणि देवनागरीस १२८ जागांचें स्वतःचें घर मिळालें. तो उपाय रोजच्या वापरांत रुळण्यास मात्र वेळ लागला. शिवाय हें घर मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोंकणी या सर्वांचें सामाईक असल्यामुळें मजकूर कोणत्या भाषेचा तें निराळें सांगणें प्राप्तच होतें. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हा भेद चंदगडच्या माणसास समजावून सांगावयास नको. युनिकोडनें या दुसऱ्या रकाराची सोय ‘ऱ’ या अक्षरावरून लाविली, आणि हें अक्षर मुळांत द्राविडी भाषांतील एक उच्चार दाखविण्यासाठीं घेतलेलें होतें. ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र जागा मिळावयास २००८ साल उजाडलें. ‘ल’ आणि ‘श’ यांचें मराठी वळण निराळें, हिंदी वळण निराळें. कांहीं फाँटांत दोन्ही वळणें असतात, व भाषा मराठी असें सांगितलें तरच मराठी वळण उमटतें. सूचीचीही तीच कथा. युनिकोडच्या क्रमांत ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, शाळेंत शिकविलेल्या वर्णमालेंत तो ‘ह’नंतर. केवळ संकेतांच्या क्रमानें सूची लाविली, तर ‘काळजी’ हा शब्द ‘काव्य’ या शब्दाच्या आधीं येईल, आणि ‘क्षेत्र’ हा शब्द शेवटीं शोधणाऱ्यास तो ‘क’मध्यें दडलेला आढळेल.

मजकुराची भाषा सांगण्याची एक सामाईक खूण इंटरनेटच्या नियमांत १९९५ सालीं ठरली. तींत आधीं भाषा आणि तिच्यामागून देश, असा सामान्य प्रघात होता. लिपीस हक्काची जागा २००६ सालच्या नियमांनीं दिली, आणि भाषा, मग लिपि, मग प्रदेश असा क्रम लागला. २०१४ सालीं मोडीही युनिकोडमध्यें आली. केरींच्या व्याकरणावर ‘मराठी, देवनागरी’ आणि त्यांच्या कोशावर ‘मराठी, मोडी’ अशी खूण आज बिनचूक ठेवतां येते. श्रीरामपूरच्या छापखान्यांत जो भेद दोनशें वर्षांपूर्वीं हातानें पाळला गेला, तो यंत्रास आतां कळूं लागला आहे.

या क्रमांत प्रदेश शेवटीं आहे, हें आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. जो प्रकाशक वाचकाच्या ठिकाणावरूनच त्याची भाषा ठरवील, तो बेळगांवांतील मराठी घरापुढें कन्नड पान ठेवील आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील कन्नड घरापुढें मराठी. आणि आपण दोघांचीही सोय केली असें त्यास वाटेल. मराठी मजकूर काढणाऱ्यांसही आमचें सांगणें आहे. आपल्या पृष्ठांवर भाषेची खूण न ठेवणें, किंवा घाईनें हिंदीची अगर इंग्रजीची तशीच राहूं देणें, म्हणजे घरच्या माणसाची ओळख चुकीच्या नांवानें करून देण्यासारखें आहे. राज्यांची रेषा ओढणाऱ्यांस एक तालुका इकडे कीं तिकडे, असा निवाडा करावाच लागला. साहाय्यपृष्ठें काढणाऱ्यावर तशी सक्ति नाहीं. तुमची भाषा कोणती, असें तो प्रत्येक वाचकास विचारूं शकतो, आणि तें विचारावयास एक ओळ पुरते.