ओवी टिपायला केवढा माईक लागतो?

जेऊरच्या आम्हा गटांच्या बैठकीत सध्या एक विषय चालू आहे. गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवायच्या, हे सगळ्यांना पटलंय. अडलंय ते यंत्रावर. काहीजणी म्हणतात, भारीतला माईक घेतल्याशिवाय आवाज चांगला येणार नाही. काहीजणी म्हणतात, मोबाईल असताना बचतीचा पैसा त्यात का घालायचा? महागड्या यंत्रानं गळ्याचा आवाज खरंच वेगळा ऐकू येतो का, हे बघायला थोडं मागं जाऊ.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा माणूस फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा त्या कामाला माईक नव्हता. मोठा कर्णा असायचा, त्याच्या तोंडाशी जाऊन मोठ्यानं गायचं. आवाजानं कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. हळू सूर, श्वास, ‘स’ आणि ‘श’ची बारीक धार त्यात नीट उमटायची नाही. गाणंही तीनेक मिनिटांत आटपायचं.

१९२५ च्या सुमारास विजेवरचा माईक आला. त्यानं काय बदललं, ते मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांत ऐकायला मिळतं. हे हिराबाई बडोदेकरांचे वडील. त्यांची काही गाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कर्ण्यापुढं मुद्रित झाली, काही १९३० नंतर माईकपुढं. मधल्या काळात वय वाढलं, गाणंही बदललं, म्हणून सगळा फरक यंत्राचा नाही. तरी नंतरच्या तबकड्यांत त्यांचा नाजूक, लांबवलेला सूर जसा कानात उतरतो, तसा कर्ण्यातून उतरत नव्हता. तेव्हा यंत्रानं फरक पडतो, हे खरंच आहे.

पण ती पहिली उडी होती. आंधळ्याला दिसायला लागणं वेगळं आणि चांगल्या चष्म्याच्या जागी आणखी भारी चष्मा लावणं वेगळं. आजचा साधा मोबाईलसुद्धा त्या कर्ण्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकतो.

आता ओव्यांकडं येऊ. १९८० च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. पुढं नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं चांगल्या यंत्रावर ध्वनिमुद्रणही झालं. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या येऊ लागल्या आणि आज आपण त्या मोबाईलवर ऐकू शकतो. पण मैत्रिणींनो, लाखावर ओव्यांच्या मानानं ध्वनिमुद्रण आहे सुमारे १२० तासांचं. बाकीच्या कित्येक ओव्यांचे शब्द कागदावर राहिले, पण त्या बाईनं कुठं सूर लांबवला, कुठं दम घेतला, ते राहिलं नाही. केवढाही माईक आणला तरी ते आता परत मिळणार नाही.

मग पैसा कुठं लावायचा? आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा यंत्राच्या आधी जागेनं. उघड्यावर माईक दुप्पट लांब नेला की त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या आवाजाची ताकद चौथाईच राहते, पण पंख्याची घरघर तेवढीच राहते. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. तिथं दोन-चार गोधड्या आणि वाकळा टांगल्या तर तो घुमारा कमी होतो. आपल्या जेऊरला तर स्टेशन आहे. गाडी जाऊन द्यावी, मग गायला सांगावं.

पुढं हा आवाज कशातून ऐकला जाणार, तेही बघा. एफएम रेडिओ साधारण १५,००० हर्ट्झपर्यंतचाच आवाज पोचवतो, आणि ऐकणारीकडं असतो लहानसा स्पीकर. भारी माईकची पुष्कळशी करामत तिथंच विरून जाते.

भारी यंत्राची बाजूही सांगायला पाहिजे. एखाद्या आजीचा आवाज अगदी बारीक झाला असेल तर स्वस्त यंत्राची स्वतःचीच सरसर त्यावर चढते. पुढच्या पिढ्यांसाठी जपायचं असेल तर तिथं चांगला माईक कामाला येतो. पण तो रोज लागत नाही. तालुक्यातल्या चार-पाच गटांनी मिळून एक घ्यावा, नाहीतर भाड्यानं आणावा.

घ्यायच्या आधी परीक्षा करा. एकच बाई, एकच ओवी, मोबाईल आणि माईक शेजारी-शेजारी, तोंडापासून वीतभर अंतरावर. ऐकवताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण मोठा वाजलेला आवाज कानाला उगीच चांगला वाटतो. कुठला कशाचा, ते सांगू नका. बायांना ओळखता आलं नाही, तर पैसे राखून ठेवा.

आमचं म्हणणं एवढंच, की माईकच्या वादात पावसाळा घालवू नका. ज्यांना ओव्या येतात त्या बहुतेक सत्तरीच्या पुढं आहेत. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या आळीतल्या अशा बायांची नावं आणावीत. सगळ्यांत थकलेल्या आजीपासून सुरुवात करू. तिची परवानगी घेऊ, आणि मूळ ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी जपून ठेवू. व्हॉट्सअॅपवर आवाज दाबला जातो, म्हणून तिथली प्रत मूळ समजू नये.