मोटार जोडणे आणि मोटार घडविणे

आपल्या मुलखात मोटारीची पारख जो-तो करतो. कुरखेड्याहून कोरचीकडे निघालेल्या एस. टी.त बसलेला शेतकरीसुद्धा चढावर इंजिनाचा आवाज ऐकून गाडीची प्रकृती सांगतो. परंतु ही गाडी आपल्या देशात घडावी म्हणून कोणी किती खटपट केली, ते पाठ्यपुस्तकात फारसे येत नाही.

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला. तेथे मोटारी घडत नसत. परदेशातून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग फक्त जोडले जात. फोर्ड कंपनीही मागोमाग आली. आमच्या कामगाराने बोल्ट आवळावा, पण तो बोल्ट केवढा असावा हे ठरविणारा नकाशा अमेरिकेतच राही.

ही उणीव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी जाणली. पुण्यात शिकलेले आणि नाशिकला नोकरीस लागलेले हे अभियंते १९३५ साली, सत्तरी उलटल्यावर, युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पाहावयास गेले. परत येताच त्यांनी मुंबईत कारखाना काढण्याची योजना मांडली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने अनुकूलता दाखविली, पण १९३९ मध्ये ते मंत्रिमंडळच गेले. वालचंदांनी अमेरिकेत जाऊन क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. तर युद्धाचे कारण सांगून दिल्लीच्या इंग्रज सरकारने हात वर केले. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली. पाहणीपासून गाडीपर्यंत बारा वर्षे! त्यातली बरीचशी यंत्रांपुढे नव्हे, सरकारी दफ्तरांपुढे गेली.

आपल्या वाचकांना जिव्हाळ्याचा वाटेल असा दुसरा प्रसंग जीपचा आहे. अमेरिकन लष्कराने या गाडीसाठी वजनाची कडक मर्यादा घातली होती. विलीस कंपनीचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी इंजिनाची शक्ती ४८ वरून ६० अश्वशक्तीपर्यंत नेली, आणि वजन घटविण्यासाठी लांब बोल्टसुद्धा आखूड केले. युद्धकाळात अमेरिकेत असलेले कैलासचंद्र महिंद्र या रूसना भेटले. चिखल-दगडांतून चारही चाकांच्या बळावर चालणारी ही गाडी आपल्या देशातील रस्त्यांना, किंबहुना रस्ताच नसलेल्या भागांना, उपयोगी पडेल हे त्यांनी हेरले. १९४५ मध्ये निघालेल्या त्यांच्या कंपनीचे मूळ नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' असे होते! त्यातले मोहम्मद म्हणजे अलिगढचे विद्यार्थी मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. जीप मात्र राहिली, आणि आपल्या जंगलातील वाटांवर वनखात्याबरोबर वर्षानुवर्षे धावली.

आपल्या समाजातली कितीतरी मुले गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली तयार होतात. त्यांच्या हातात कसब असते. आवाजावरून दोष ओळखतात. पण सातवी-आठवीत शाळा सुटलेली असते, म्हणून नकाशा वाचता येत नाही, आणि मग जन्मभर दुसऱ्याने घडविलेलेच जोडत बसावे लागते. शिवडीच्या कारखान्याची गोष्ट पालकांनी या दृष्टीने वाचावी.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरविले की, नुसती जोडणी चालणार नाही, भाग येथेच घडविले पाहिजेत. फोर्ड व जनरल मोटर्स निघून गेल्या. पुढच्याच वर्षी टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक काढले. या टेल्कोची धुरा सुमंत मुळगावकर या मराठी अभियंत्याने वाहिली. मुंबईत जन्मलेले आणि लंडनला शिकलेले मुळगावकर परक्यांकडून शिकण्यास कधी लाजले नाहीत, पण करार कधीतरी संपणार हे त्यांनी विसरू दिले नाही. पुण्याजवळच्या उजाड माळावर त्यांनी १९६६ पासून कारखाना उभारावयास घेतला, तेव्हा ट्रकच्या आधी यंत्रे बनविणारी यंत्रे आणि शिकाऊ मुलांचे प्रशिक्षण यांना जागा मिळाली. माळावर झाडे लावली, तळेही केले.

१९६९ मध्ये करार संपला. ट्रकच्या तोंडावरचा जर्मन तारा उतरला आणि त्या जागी टाटांचा 'टी' बसला.